हातचा कुठून येतो?

22 डिसेंबर जवळ आला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धावपळ सुरू होते. रामानुजन यांची जयंती म्हणजे राष्ट्रीय गणित दिन, म्हणजे शाळेत गणित जत्रा, म्हणजे 'उद्या मॉडेल आणा'. मग रात्री अकरा वाजता बाबा सनबोर्ड कापतायत, आई 'पाय'च्या चिन्हाला चमकी लावतेय आणि ज्याचं मॉडेल तो कधीच झोपलाय. याला म्हणे 'कृतीतून गणित'. कृती झाली खरी, पण आईबाबांची.

माझं मत सांगते. गणितातली मजा रंगीत कागदानं येत नाही, पाढ्यांना चाल लावूनही येत नाही. मूल हातानं काहीतरी करतं, त्याला वाटलेलं उत्तर फसतं आणि फसलंय हे कुणी न सांगता त्याचं त्याला दिसतं, तिथं खरी गंमत आहे.

52 मधून 27 वजा करायला सांगा. दुसरी-तिसरीतली कितीतरी मुलं 35 लिहितात. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन घालवले, पाच. पाचातून दोन गेले, तीन. 'मोठ्यातून लहान घालवायचा' हे पोरानं इमानेइतबारे पाळलेलं असतं. आणि आपण डाफरतो, 'अरे हातचा घे ना, कितीदा सांगायचं!' तो हातचा येतो कुठून, हेच त्याला ठाऊक नसतं.

खराट्याच्या काड्या सारख्या तोडा आणि दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधा. पाच गठ्ठे, दोन सुट्या. आता म्हणा, मला सत्तावीस काड्या दे. दोन गठ्ठे पटकन मिळतात. मग सात सुट्या हव्यात आणि आहेत दोनच. इथं आपण गप्प बसायचं. सगळ्यात अवघड काम हेच, निदान माझ्यासारख्या बडबड्या बाईला. आमच्या शेजारची दुसरीतली पोर गठ्ठ्यांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, रबर काढलं तर चालेल?" चालेल की! रबर निघालं, काड्या फरशीवर पसरल्या, बारातल्या सात तिनं मोजून माझ्या हातात दिल्या आणि उरलेल्या स्वतःच मोजल्या. दोन गठ्ठे, पाच सुट्या. वहीत पाच खोडून चार का करतात, हे मला समजावून सांगावंच लागलं नाही.

यात माझी अक्कल काही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतले गुरुजी आणि बाई दशकाचे गठ्ठे कधीपासून वापरतायत. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातल्या, शाळांचं काम बघायला तर राज्यभरातून शिक्षक जायचे. भरमसाट फी भरणाऱ्या आपल्यालाच ऑनलाइन मागवलेला लाकडी किट लागतो, आणि तो हरवेल म्हणून आपण वर कपाटात ठेवतो.

अरविंद गुप्ता यांना पुण्यात पुष्कळजण ओळखतात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रामुळे. आयआयटी कानपूरला शिकलेला हा इंजिनिअर 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि तिथं काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडायला लागला. करून बघा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावलं की तिरका होतो. तिरका होऊ नये म्हणून काय करशील, विचारा. मूल थोडं झटापट करतं आणि मधून आडवी काडी घालायला बघतं, पण कर्णाला तेवढी काडी पुरत नाही! आता ती किती लांब हवी, हा प्रश्न त्याच्याकडून येतो. पायथागोरस सातवी-आठवीत येईल तेव्हा येईल. तोवर पत्र्याच्या शेडच्या कैच्या आणि मोबाइलचे टॉवर बघताना त्रिकोण मोजायचा चाळा लागतो, तेवढं पुरे.

'हे सगळं ठीक, पण सराव कधी करायचा?' हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. काड्यांनी वजाबाकी समजते, हात बसायला कागदावर पन्नास गणितं करावीच लागतात. त्यासाठी आमच्या नाशिककरांकडे हुकमी एक्का आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (1905–1986). त्यांची 6174 ची करामत तिसरी-चौथीपासून कुणालाही जमते. पोरांना पार्किंगमध्ये न्यायचं आणि एकेकाला एका गाडीचा चार आकडी नंबर द्यायचा. समजा 3524. अंक उतरत्या क्रमानं लावले की 5432, चढत्या क्रमानं 2345, वजाबाकी 3087. पुन्हा तेच: 8730 वजा 0378, आले 8352. पुन्हा: 8532 वजा 2358, आले 6174. यानंतर कितीही करा, 6174 च येत राहतं. कुठलाही नंबर घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथंच पोचतो.

मुलांचा यावर विश्वास बसत नाही, त्यांना हा नियम मोडायचाच असतो. म्हणून एकामागून एक गाड्या पकडतात आणि दरवेळी हातच्याच्या वजाबाक्या करतात, त्याही कुणी न सांगता. कुणाचं वेगळं आलं की बाकीचे त्याच्या वहीवर तुटून पडतात आणि चूक शोधून काढतात. तपासायचं कामही आपलं वाचतं. 7777 घेऊन शून्य काढणारा एक बहाद्दर निघतोच. त्याला शाबासकी द्यायची: चारही अंक सारखे असले तर जमत नाही, हे त्यानं शोधलंय.

तीन आकड्यांत हाच खेळ 495 वर थांबतो, लहानग्यांना तो द्या. आणि 1112 सारखा नंबर आला तर पहिली वजाबाकी 999 येते. ती 0999 अशीच लिहायला लावा, पुढं 9990 वजा 0999. शून्य गाळलं तर सगळं तिथंच अडतं आणि पोरं तुमच्याकडे संशयानं बघतात.