बी ऑक्टोबरात टाका, आणि जुन्या भिंतीही बघा

लिनारिया या फुलझाडावरचा लेख छान आहे, पण त्याचं बी जूनमध्ये पेरा हा त्यातला सल्ला नाशिककरांनी मनावर घेऊ नये. बागेत लावतो ते लिनारिया मूळचं मोरोक्कोचं, त्याला थंडी मानवते. आपल्या पावसात कोवळी रोपं मुळाशीच कुजतात. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात पेरलं तर निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत तुरे येतात. मार्चचं ऊन तापलं की खेळ खलास. बी फार बारीक असतं, कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरावं, वर माती लोटू नये. झारीने धो धो पाणी घातलंत तर सगळं एका कोपऱ्यात!

लेखात एक राहून गेलं. याच कुळातली एक रानवनस्पती आपल्याकडे दगडी भिंतींच्या फटींत आणि कातळावर आपोआप उगवते: नॅनोरायनम रॅमोसिसिमम. जुन्या ग्रंथांत तीही लिनारियाच. बारीक लोंबत्या फांद्या, इवलंसं पिवळं फूल, मागे टोकदार शेपटी. कुंडीत लावायचीच तर मुरूम आणि विटांचे तुकडे घाला, शेणखताचे लाड नकोत. युरोपातली हिची नातलग सिंबालारिया म्युरॅलिस तर फळ धरल्यावर देठ अंधाराकडे वळवते आणि स्वतःचं बी भिंतीच्या फटीत खोचते.

कुणी युरोपातलं पिवळं लिनारिया व्हल्गारिस मागवणार असेल तर जरा थांबा. ते मुळांवरूनही पसरतं, उत्तर अमेरिकेत त्याचं तण होऊन बसलंय.