सॉफ्टबॉक्स आधी, माणूस मागाहून

कॅमेरा घेऊन झाला, 50 एमएमची लेन्स घेऊन झाली, फ्लॅशही आला. आता घरातल्या माणसांचे चांगले फोटो काढावेत अशी अविचारी इच्छा तुमच्या मनात डोकावत असेल, तर जरा दम धरा. अजून मॉडिफायर ठरायचा आहे. उघड्या फ्लॅशने फोटो काढला की साधासुधा माणूसही चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो. कपाळावर चकाकता ठिपका, मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. त्यावर उपाय म्हणून फ्लॅशच्या तोंडाला उजेड मऊ करणारं काहीतरी लावायचं असतं, त्यालाच मॉडिफायर म्हणतात. पुढे पांढरं कापड ताणलेली पेटी असेल तर तो सॉफ्टबॉक्स. आणि ते ‘काहीतरी’ निवडायला साधारण सहा महिने पुरतात. मला दोन वर्षं लागली, पण मी मुळात खोलात शिरणारा माणूस आहे.

या काळात उजेडाचा विचार मात्र कटाक्षाने टाळा. कुणीतरी शहाणा भेटेल आणि सांगेल की उजेड मऊ पडणार की कडक, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: तो ज्यातून येतो ती वस्तू केवढी आहे, आणि चेहऱ्यापासून किती लांब आहे. अशा माणसाशी वाद घालू नका, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. एवढं सोपं असतं तर आपण दोन-दोन वर्षं तुलनेचे व्हिडिओ कशाला पाहिले असते? तो जाता जाता सूर्याचं उदाहरण देईल. सूर्याचा व्यास जवळपास 14 लाख किलोमीटर, एवढा सॉफ्टबॉक्स अजून कोणत्याही कंपनीला जमलेला नाही. पण तो ठेवलाय 15 कोटी किलोमीटरवर. म्हणून तर भर दुपारी अंगणात उभ्या केलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे येतात. मग एखादा ढग आडवा येतो, आणि तो ढगच दिवा होऊन बसतो. आषाढात निम्म्या महाराष्ट्रावर असा सॉफ्टबॉक्स ताणलेला असतो, फुकट. फुकट असल्यामुळेच त्याचा एकही रिव्ह्यू सापडत नाही, तेव्हा त्याच्यावर विसंबू नये.

सुरुवात लहान वस्तूपासून करायची असेल, तर डिफ्यूजर, म्हणजे फ्लॅशच्या डोक्यावर बसणारं, उजेड पसरवणारं दुधी प्लास्टिकचं टोपडं घ्या. पांढऱ्या छताच्या खोलीत ते बरं काम करतं, कारण उजेड छताला आणि भिंतींना लागून परत येतो. थोडक्यात, कष्ट छत करतं आणि श्रेय टोपडं घेतं. तुम्ही ते मंगल कार्यालयाच्या उघड्या लॉनवर वापरा. फ्लॅशचं तोंड 45 अंशांत आकाशाकडे करा आणि रिसेप्शनभर तसंच ठेवा. वर पहिलं घन छत म्हणजे चंद्र. उजेड तिथे जाऊन परत यायला अडीच सेकंद लागतात, तेवढं शटर उघडं ठेवा आणि नवरा-नवरीला हलू नका म्हणून सांगा. चारही पेन्सिल सेल संपले की समजायचं, डिफ्यूजर चालतोय.

छत्रीबद्दल बोलायला नको, पण विषय निघालाच आहे. पांढरी, साधारण मीटरभर रुंदीची, जिच्यातून उजेड आरपार जातो अशी छत्री हजाराच्या आत मिळते, अर्ध्या मिनिटात उघडते, काखेत मारून बसने नेता येते. चेहऱ्यापासून हात-दीड हातावर धरली तर गालावरून सावली इतकी हळूच उतरते की ती कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. इतक्या सहज जमणाऱ्या वस्तूला छंद कसं म्हणावं? तिच्यात एक दोषही आहे, तो मात्र प्रत्येकाला आवर्जून सांगा: तिचा उजेड खोलीभर सांडतो, आणि आपल्याकडे भिंतींना पिस्ता रंग द्यायची पद्धत असल्याने माणसाचा एक गाल हिरवट होतो. यावर पांढरी चादर टांगणे हा उपाय आहे. पण चादर टांगली की फोटो काढावा लागतो.

त्यापेक्षा ब्यूटी डिश, म्हणजे दिव्यापुढे लावायची उथळ परात. नावातच ब्यूटी आहे, आणखी काय पाहिजे? 42 सेंटिमीटरची, आतून चंदेरी, पत्र्याची घ्या, कापड न लावता वापरा आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून साठीच्या समारंभाला आलेल्या काकूंना बसवा. मेकअप करून बसलेल्या विशीतल्या मॉडेलसाठी ही वस्तू फार गुणाची आहे. गालाचं हाड उठून दिसतं, कातडीचा पोत जिवंत होतो. काकूंचाही होईल. वरच्या ओठावरची जी लव घरात कुणाला चाळीस वर्षं दिसली नव्हती, तीही जिवंत होईल. पुढच्या दिवाळीला फराळाचं ताट आलं नाही तर दोष डिशला देऊ नका.

हे सगळं पचलं की माणूस आपोआप ऑक्टाबॉक्सकडे वळतो. हा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स, आणि 120 सेंटिमीटरच्या खालचा घेणं म्हणजे स्वतःचा अपमान. इथे माझा अनुभव उपयोगी पडेल. माझी खोली दहा बाय अकरा, बिल्डरच्या कागदावर मास्टर बेडरूम. ऑक्टाबॉक्सला आठ काड्या असतात आणि त्या मधल्या कड्यात एकेक वाकवून बसवायच्या असतात. पहिल्या सहा गुमान बसतात. सातवी बसवताना पहिली निसटते. आठवीसाठी मी पलंगावर उताणा पडून, कडं पोटावर घेऊन, दोन्ही गुडघ्यांनी कापड रेटत होतो, तेव्हा काडी सुटली आणि चष्मा कपाटावर जाऊन पडला. शेजारचे काका पेपर मागायला आले होते. दारातूनच म्हणाले, “काय रे, पतंग करतोयस का?” काकांना मी नंतर डबल डिफ्यूजर, म्हणजे बॉक्समध्ये एकामागे एक दोन पांढरी कापडं का लागतात, ते समजावून सांगितलं. तेव्हापासून ते पेपर विकत घेतात.

बॉक्स उभा राहिला तरी तो लाइटवर बसेलच असं नाही. बहुतेक ठिकाणी बोवेन्स माउंट, म्हणजे बॉक्स लाइटला अडकवायची ठरावीक जोडणी, लागतो. ज्या ब्रिटिश कंपनीचं हे नाव, ती 2017 साली बंद पडली, माउंट मात्र जगभर चालू आहे. मालक जाऊन वर्षं लोटली तरी वाडा त्याच्याच नावाने ओळखला जावा, तसं. तुमच्याकडे साधा फ्लॅश असेल तर त्याला मध्ये एक ब्रॅकेट लागतं. ते बॉक्सबरोबर येत नाही. ते येणार नाही हे डब्यावर लिहिलेलंही असतं, पण डबा आपण फोडून झाल्यावर वाचतो.

आता खुर्चीवर माणूस बसला की त्याचा चेहरा जमिनीपासून चार फुटांवर येतो. उजेड थोडा वरून, तिरका पडावा म्हणून बॉक्स वर चढवला, की त्याची वरची कड आठ फुटांवर जाते. तिथे पंखा असतो. पंख्याच्या पात्याने ऑक्टाबॉक्सच्या कडेला जो आवाज होतो, तो एकदा ऐकण्यासारखा आहे. मग पंखा बंद करायचा. महिना मे. पाच मिनिटांत समोरच्याच्या कपाळावर घाम येतो, आणि घाम चकाकण्याच्या बाबतीत कोणत्याही चंदेरी कापडाला हार जात नाही. सहा हजार रुपये खर्चून आपण कपाळावरच्या त्याच ठिपक्याशी परत येतो. शिवाय पुढून जड झालेला स्टँड माणसाच्या अंगावर झुकतो, म्हणून त्याच्या पायावर वजन लागतं. वाळूची पिशवी घ्यायचं राहिलं होतं, मी दहा किलो तांदूळ ठेवले. त्या दिवशी भाताऐवजी पोळ्या झाल्या.

पंख्यापासून वाचायचं असेल तर बॉक्स हॉलच्या टोकाला, बारा फुटांवर उभा करा. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो, म्हणून फ्लॅश पूर्ण ताकदीवर न्या. तो पुन्हा भरेपर्यंत समोरच्याचं हसू ओसरतं, तो घड्याळ बघतो, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही बटण दाबता. बारा फुटांवरून 120 सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स चेहऱ्याला जेवढा दिसतो, तेवढाच तीन फुटांवरून 30 सेंटिमीटरचा पुठ्ठा दिसला असता. हा हिशेब करत बसू नका. केलाच तर कुटुंबाला सांगू नका.

उजेड चेहऱ्यावर परतवणारा घडीचा रिफ्लेक्टर घेऊन ठेवा. पाच बाजू असतात, त्यातल्या सोनेरी बाजूने आख्खं वऱ्हाड काविळीने आजारी दिसतं. तो एकदा उघडला की पिशवीत परत जात नाही. मखरातून उरलेलं थर्माकोल तेच काम करतं, पण त्याला चेन असलेली पिशवी नसते.

जुन्या लोकांचे दाखले देणारे भेटतील. 1956 च्या ‘अपराजितो’ या सिनेमासाठी बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं, आणि वरून उघड्या आभाळाचा उजेड पडल्यासारखं दिसायला हवं होतं. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि परतलेल्या उजेडात शूटिंग केलं. पंचविशीतला मुलगा, एकही अनबॉक्सिंग न पाहिलेला. माहिती नसली की माणूस असा थेट कामालाच लागतो.

माझ्या ऑक्टाबॉक्सचं पुढचं पांढरं कापड मध्यंतरी सापडेना. आईला विचारलं तर म्हणाली, “गच्चीवर आहे.” जाऊन बघतो तर चार विटांवर ते कापड ताणलेलं आणि खाली कुरडया. कावळे शिवत नाहीत, धूळ बसत नाही, ऊन मात्र लागतं. कडेला वेल्क्रो असल्याने वाऱ्याने उडतही नाही. मी वाकून बघितलं. वर मीटरभर कापड, खाली वीतभर अंतरावर कुरडया, आणि एकीच्याही वळशात काळी सावली नव्हती. दोन वर्षं मी जे शोधत होतो ते तिथे विटांवर पडलं होतं. तेवढ्यात आई कुरडया उलटवायला खाली बसली, तिने कापडाची एक कड वर उचलली, आणि तिच्या चेहऱ्यावर, त्या सगळ्या सुरकुत्यांवर, तो उजेड आला.

“अशीच बस, हलू नकोस,” म्हणालो आणि कॅमेरा आणायला खाली पळालो. बॅग उघडली, लांबून फ्लॅश उडवणाऱ्या ट्रिगरचे सेल गेले होते. नवे सेल घातले, मग आठवलं की उन्हात ट्रिगर लागणारच नाही. मग लेन्स बदलली. वर येईपर्यंत ऊन उतरलं होतं आणि आई कुरडया डब्यात भरत होती.

“फोटो राहू दे,” ती म्हणाली. “याच्याहून मोठं कापड मिळतं का बघ. यात तीन किलोच्याच मावतात.”

150 चा मागवलाय, गुरुवारी येतोय. तुम्हीही सरळ तोच घ्या.