पहिल्या १३ मीटरचा हिशेब

“वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा म्हणजे गाडीवाल्यांचा निव्वळ छळ. वेळ फुकट जातो, चांगले ब्रेक असतील तर ५० ने काही बिघडत नाही, आणि अपघात होतात ते बेफिकीर पादचाऱ्यांमुळे. शिवाय नुसत्या पाटीने कोण हळू चालवतं?” हा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय.

आधी ब्रेकचं बोलू, कारण खरी गोम तिथेच आहे. उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या फटीतून चेंडू रस्त्यावर येतो, पाठोपाठ मूल. ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकाचाही साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ५० च्या वेगातली गाडी जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते, ३० ची आठ मीटरच्या जरा पुढे. कोरड्या रस्त्यावर ब्रेक नीट लागले तर ३० ची गाडी आणखी पाचेक मीटरवर, म्हणजे एकूण १३ मीटरच्या आसपास उभी राहते. ५० च्या गाडीचा ब्रेक त्या जागी अजून लागलेलाच नसतो. मूल तिथे असेल तर धडक पूर्ण वेगाने बसते. दाबलाच न गेलेला ब्रेक कितीही भारी असला तरी काय कामाचा? आणि धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्याने ५० चा तडाखा ३० च्या पावणेतीन पट असतो.

वेळेचं म्हणाल, तर ही मर्यादा घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतच्या तुकड्यापुरती. अर्धा किलोमीटर धरला तर फरक २४ सेकंदांचा, तोही वाटेत एकदाही थांबावं लागलं नाही तर.

पादचाऱ्यांवर खापर फोडणारं वाक्य वाचून मला खरंच संताप येतो. मोबाईलमध्ये डोकं घालून रस्ता ओलांडणारे आहेत, कबूल. पण लहान मुलांना समोरून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाजच नीट येत नाही, आणि गुडघे धरलेल्या आजींना धावता येत नाही. रस्ता त्यांचाही आहे. चेंडूमागे धावलेल्या पोराचं फार तर कोपर खरचटावं.

पाटीबद्दलच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. रुंद, सरळ रस्ता दिसला की पाय आपोआप जड होतो. म्हणून रस्ता अरुंद करणं, गतिरोधक, फुटपाथच्या उंचीला आणलेलं क्रॉसिंग आणि वेग टिपणारे कॅमेरे हे सगळं पाटीच्या जोडीला लागतंच. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने मुख्य रस्ते वगळून बाकी सगळीकडे ३० ची मर्यादा आणली ती १९९२ मध्ये, आणि ती आजही आहे. हेलसिंकीत बहुतेक निवासी रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे, जोडीला रस्त्यांची रचनाही बदलली. २०१९ मध्ये त्या शहरात रस्ते अपघातात एकही पादचारी दगावला नाही. तेव्हा पाटी अपुरी वाटत असेल, तर गतिरोधक आणि उंच क्रॉसिंगही मागा. मी तुमच्या सोबत आहे.