दोन संगणक, एक राउटर आणि ‘फायरवॉल बंद करा’

‘एका राउटरवरचे दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत? इंजिनिअर बोलावू नका, पाच मिनिटांत जोडा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरतो आहे. त्यातील उपाय असे: दोन्ही संगणकांवरील फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी भिंत) व अँटिव्हायरस कायमचे बंद करा, दोन्हींना एकच आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळखीचा आकडा) द्या, एसएमबी १ ही फाइल देवाणघेवाणीची जुनी पद्धत सुरू करा, पासवर्ड काढून टाका, तरीही जमले नाही तर राउटर रिसेट करा, आणि दोन संगणकांमुळे वेग निम्मा होतो, म्हणून इंटरनेटची दुसरी जोडणी घ्या. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांपर्यंत हा संदेश पोहोचला नसता, तर मी त्याकडे दुर्लक्ष केले असते. ते इतवारीतील व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे घरूनच करतात. म्हणजे त्यांच्या संगणकांवर इतरांचे पॅन, बँक खाती आणि उलाढाल असते. त्यांनी पहिला उपाय तत्काळ केला. संगणक एकमेकांना दिसले नाहीतच, फायरवॉल मात्र बंद राहिली.

एकच आयपी पत्ता देण्याचा सल्ला लिहिणाऱ्याने तो स्वतः कधी करून पाहिला नसावा. नेटवर्कवर एखादा संगणक ‘१९२.१६८.१.५ कोण?’ असे विचारतो, तेव्हा एकानेच उत्तर देणे अपेक्षित असते. दोघांनी उत्तर दिले, तर माहिती कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे जाते. बहुधा त्याआधीच विंडोज पत्त्यांचा संघर्ष असल्याचा इशारा देऊन तो पत्ता वापरायचे थांबवते. यातील अर्धसत्य एवढेच, की घरगुती राउटरवर सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग समान हवा हे ठरवणारा आकडा) सहसा २५५.२५५.२५५.० असतो आणि तेव्हा पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे असावे लागतात. शेवटचा आकडा वेगळाच हवा. तो राउटर आपणहून वेगळा देतोच. त्यात हात घालण्याचे कारण नाही.

खरा उपद्रव पहिल्या आणि तिसऱ्या उपायांच्या जोडीत आहे. फायरवॉल बंद केल्याने कोणतेही फोल्डर आपोआप शेअर होत नाही. ते वेगळे शेअर करावे लागते. संगणक न दिसण्याचे नेहमीचे कारण असे, की विंडोजने घरातील नेटवर्कची ‘पब्लिक’ म्हणून नोंद केलेली असते आणि अनोळखी जागी संगणक लपवणे हे त्या नोंदीचे कामच आहे. सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन ‘प्रायव्हेट’ निवडावे, नेटवर्क डिस्कव्हरी (संगणक एकमेकांना दिसू देणारी सोय) आणि फाइल शेअरिंग सुरू करावे, म्हणजे फायरवॉल आवश्यक तेवढीच वाट मोकळी करते. फायरवॉलच बंद करायला सांगणे म्हणजे किल्ली शोधण्याऐवजी दाराची चौकट उखडण्याचा सल्ला आहे. शिवाय लॅपटॉप घरातच राहत नाही. फायरवॉल नसलेला तोच लॅपटॉप उद्या नागपूर स्थानकाच्या मोफत वाय-फायवर उघडला जातो.

एसएमबी १ हा विंडोजमधील फाइल देवाणघेवाणीचा जुना प्रोटोकॉल आहे. ‘कंपनीने तो मुद्दाम लपवला’ असे संदेशात तक्रारीच्या सुरात म्हटले आहे. मुद्दाम हे खरेच. कारणही उघड आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये तेव्हा या प्रोटोकॉलची जबाबदारी सांभाळणारे नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये एसएमबी १ वापरणे थांबवा, असे जाहीरपणे आणि अत्यंत कळकळीने लिहिले होते. पुढे १४ मार्च २०१७ रोजी त्यातील गंभीर दोषांची दुरुस्ती प्रसिद्ध झाली, आणि ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांच्यावर १२ मे रोजी वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम कोसळला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. २७ जूनच्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमनेही तोच दोष वापरला आणि त्याची झळ आपल्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलपर्यंत आली. त्या वर्षाच्या उत्तरार्धातील १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ चा सर्व्हर (फायली इतरांना देणारा भाग) नसतो, तो अशाच धोक्यांमुळे. ‘घरच्या नेटवर्कवर आपलेच दोन संगणक, तिथे कोण येणार?’ असे मेहुण्यांनी विचारले. बाहेरचा सहसा येत नाही, कारण मध्ये राउटर असतो. पण एका संगणकावर पेनड्राइव्हमधून किंवा ईमेलच्या जोडपत्रातून काही शिरले, की दुसऱ्यापर्यंत जाण्यात अडथळा असतो तो त्या दुसऱ्याच्या फायरवॉलचाच. दोघांपैकी एकावर विंडोज एक्सपी असेल तर एसएमबी १ शिवाय ते जुळणार नाहीत, हे मान्य करावे लागते. मात्र एक्सपी या जुन्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टचा अधिकृत पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आहे आणि त्यावर कोणाचेही हिशेब ठेवू नयेत.

पासवर्ड काढण्याचा उपाय तर स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेणारा आहे. ज्या स्थानिक खात्याला पासवर्ड नाही, त्याला नेटवर्कवरून प्रवेश न देणे ही विंडोजची मूळचीच मांडणी आहे. खरी अडचण बहुतेकदा अशी असते, की माणूस रोजच्या सवयीने पिन टाकतो. पिन त्याच संगणकापुरता असतो; दुसऱ्या संगणकावरून खात्याचा पूर्ण पासवर्डच द्यावा लागतो.

मेहुण्यांच्या घरचा दोष यांपैकी कशातच नव्हता. संदेश ‘एक राउटर’ गृहीत धरतो आणि त्यांनीही तसेच सांगितले होते. प्रत्यक्षात इंटरनेटवाल्याने दिलेला डबा स्वतःच राउटर होता आणि आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचावे म्हणून सीताबर्डीहून आणलेला दुसरा राउटर त्याला केबलने जोडलेला होता. एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत होता. अशा रचनेत दुसऱ्या राउटरवरचा, म्हणजे आतला, संगणक बाहेरच्यापर्यंत पोहोचू शकतो, बाहेरचा आतल्यापर्यंत नाही. ‘मला त्याचे दिसते, त्याला माझे नाही’ ही तक्रार ऐकली की आधी हेच तपासावे. दोन्हींवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा दिली की पत्ते समोर येतात. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पुरवण्यासाठी, चालवला की प्रश्न मिटतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि शोध केबल किंवा वाय-फायपासून घ्यावा. एखादा संगणक पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या ‘गेस्ट’ वाय-फायवर असला तरीही दोघांची गाठ पडत नाही.

रिसेटबद्दल थोडक्यात. राउटर बंद करून पुन्हा सुरू केल्याने पुष्कळदा काम होते, विशेषतः मे महिन्यात खिडकीत तापणाऱ्या राउटरचे. पण टाचणीने दाबायचे रिसेटचे बटण वेगळे. ते जोडणीचे वापरकर्तानाव आणि पासवर्डही पुसून टाकू शकते, आणि मग इंटरनेटवाल्याचा माणूस येईपर्यंत घरातले इंटरनेट बंद.

राहिला वेग निम्मा होण्याचा मुद्दा. इंटरनेटचा वेग वाटला जातो, पण दोघेही एकाच वेळी काही उतरवत असतील तेव्हाच. दोन संगणकांमधील फाइल इंटरनेटवर जातच नाही. संगणक केबलने जोडलेले असतील, तर तिचा वेग राउटरचे पोर्ट (केबल खोचायची जागा) आणि केबल ठरवतात. शंभर एमबीपीएसचे (सेकंदाला शंभर मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) पोर्ट सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही; दुसरी जोडणी घेऊन त्यात काडीचाही फरक पडणार नाही, गिगाबिट पोर्टांचा राउटर आणि आठही तारा जोडलेली केबल घेतल्यास पडेल.