सायटेशन मोजून पोट उघडायला द्यायचं?

वन्संच्या पित्ताशयात खडे निघाले. सोनोग्राफीचा रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर पडतो न पडतो, तोच बंगळुरूहून भाच्याने एका गॅस्ट्रो सर्जनच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट टाकला. संशोधनाचे पेपर इतके, सायटेशन्स (त्या पेपरांचे दुसऱ्या पेपरांत झालेले उल्लेख) इतकी, एच-इंडेक्स अमुक. खाली मजकूर : "आईचं ऑपरेशन हेच करतील. इंदूरच्या तुमच्या डॉक्टरांचं गूगल स्कॉलरवर नावसुद्धा नाही, मामी."

संशोधनाचे पेपर शोधायच्या साइटवर नाव नाही म्हणे!

ह्यांचं पित्ताशय ज्यांनी काढलं त्यांच्याबद्दल बोलतोय तो. दुर्बिणीने सुरुवात झाली होती. आत सगळं सुजून एकमेकांना चिकटलेलं. डॉक्टर मधेच बाहेर आले, मास्क हनुवटीखाली ओढला आणि केसपेपरच्या पाठीवर पेनाने दोन नळ्या काढून दाखवल्या. "ताई, ही पित्ताशयाची नळी, ही मोठी पित्तनलिका. कुठली कोणती ते मला खात्रीने दिसत नाहीये. चुकून मोठी कापली गेली तर जन्माचं दुखणं. पोट उघडतो." एवढं सांगून आत. "मला दिसत नाहीये" असं म्हणणारा सर्जन, सांगा, कुठल्या इंडेक्सात बसतो?

बँकेत हयात घालवलीय, आकड्यांशी माझं वाकडं नाही. पण आकडा कशाचा आहे ते तर बघाल? एच-इंडेक्स २० म्हणजे २० पेपर असे, की त्यातल्या प्रत्येकाचा दुसऱ्या पेपरांत निदान २० वेळा उल्लेख झालाय. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढलेलं हे माप. चूक दाखवायला केलेला उल्लेखही जमेलाच धरतात. एका पेपरवर पंधरा नावं असली तर पंधराही जणांच्या खात्यात तो अख्खा जमा. आमच्याकडे एक मॅनेजर होते, शाखेच्या ठेवी छाती फुगवून सांगायचे. बुडीत कर्जं विचारली की पाणी प्यायला उठायचे. तसंच हे. किती पित्ताशयं काढली, किती जणांच्या पित्तनलिकेला इजा झाली, किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, हे त्या स्क्रीनशॉटमध्ये कुठे आहे?

दुर्बिणीने पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते जर्मनीतल्या एरिख म्यूहे यांनी, १९८५ मध्ये. पुढच्या वर्षी त्यांनी ते तिथल्या सर्जनांच्या संस्थेच्या परिषदेत मांडलं, तर बड्या मंडळींनी उडवून लावलं. १९९२ मध्ये त्याच संस्थेने त्यांचा गौरव केला. मधल्या काळात माझ्या भाच्याने त्यांना नापासच केलं असतं.

बरं बाबा, मान्य, पेपरही लागतात. अल्सर तिखटाने आणि टेन्शनने होतो असं आपण घरोघरी म्हणत होतो. तो बहुतेकदा जिवाणूमुळे होतो हे मार्शल आणि वॉरेन या डॉक्टरांनी संशोधन करून छापलं म्हणूनच कळलं. आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच गोष्टी, त्याची नळी आणि रक्तवाहिनी, स्वच्छ दिसेपर्यंत काही कापायचं नाही, हा नियम स्ट्रासबर्ग या सर्जननी १९९५ मध्ये मांडला, तोही पेपरमध्येच. आमच्या डॉक्टरांनी तो वाचला असणार. वाचणाऱ्याची सायटेशन्स मात्र कुणी मोजत नाही.

खरं चिडायचं असेल तर इथे चिडा : मेडिकल कॉलेजात बढतीला पेपर लागतात. रात्री दोनला आतडं फुटलेला पेशंट माळव्यातल्या कुठल्याशा गावाहून येतो, त्याच्यासाठी जो उभा राहतो, त्याला त्या रात्रीचे गुण किती?

असो. बीपी वाढवून घेत नाही.

ह्यांना घरी आणल्यावर डॉक्टरांचा रात्री स्वतःहून फोन आला. "ताप? पोट फुगलंय? डोळे पिवळे दिसतात का? नाही, दिव्यात नको, सकाळी उजेडात बघा आणि कळवा." सकाळी खिडकीशी उभं करून मी ह्यांच्या पापण्या ओढून बघत होते आणि हे ओरडत होते, "अगं, सोड!" मी कळवायच्या आधीच पुन्हा फोन.

भाचा चांगला आहे, आईच्या काळजीनेच धडपडतोय, कळतं मला. त्याला मी एवढंच लिहिलंय, की दोन्ही डॉक्टरांना भेट आणि दोघांनाही विचार : दुर्बिणीने सुरू करून किती वेळा पोट उघडावं लागलं, आणि का? जो "एकदाही नाही" म्हणेल, त्याच्याकडे मी वन्संना पाठवणार नाही.

इंदूरकर मंडळी, तुमच्याकडे कुणाचं पित्ताशय निघालं असेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा. "देवमाणूस आहेत" वगैरे नको. ताप आला का, किती दिवसांनी घरी सोडलं, परत जावं लागलं का, आणि फोन केला तर उचलतात का, एवढंच.