‘भंगार’ या शब्दाबद्दल

‘एक स्पष्टवक्ता’ या नावाने लिहिणाऱ्या महोदयांस,

खरं नाव घातलं असतंत तर बरं वाटलं असतं. असो. फ्रीमेसन, म्हणजे गवंड्यांची हत्यारं खूण म्हणून वापरणारी जुनी बंधुसंघटना, तिच्या वस्तूंच्या माझ्या संग्रहावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की इंग्लंडमधल्या संडरलंडचा गुलाबी जग (चंबूसारखं भांडं) 1796चा नाही, नकली माल कसा ओळखायचा यावर मी गप्प आहे, आणि ‘साहेबानं टाकलेलं भंगार कपाटात मांडून गुलामगिरी मिरवायची ही हौस’.

वर्षाचं मान्य. 1796 हे जगवर छापलेल्या, संडरलंडच्याच वेअरमाउथ पुलाचं, त्या लोखंडी पुलाचं वर्ष. तसे गुलाबी लस्टरचे (धातूसारख्या चकचकीत झिलईचे) जग एकोणिसाव्या शतकातले. फोटोखालची ओळ दुरुस्त केली आहे. त्यासाठी ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे’ म्हणायची गरज नव्हती.

पण ‘भंगार’?

माझे वडील गवंडी होते. काटकोन बघायचा गुण्या आणि भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा ओळंबा दाराशेजारी खुंटीला असायचे, दसऱ्याला त्यांना झेंडू वाहिला जायचा. वडील गेले त्याच वर्षी चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, कुलपांच्या ढिगात एक पितळी ओळंबा दिसला. बोटाएवढा. वरची कडी एका अंगाला घासून तारेएवढी बारीक झालेली. लॉजमध्ये, म्हणजे फ्रीमेसनांच्या शाखेत, प्रमुख असलेल्या मास्टरच्या गळ्यात गुण्या असतो, त्याच्या खालच्या सीनियर वॉर्डनच्या पाणसळ आणि ज्युनियर वॉर्डनच्या ओळंबा, हे मला पुढे वाचून कळलं. त्या दिवशी मी फक्त वडिलांचं हत्यार ओळखलं. ती कडी कुणाच्या तरी गळ्यात वर्षानुवर्षं झिजली आहे. तिला भंगार म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात एखादी वस्तू नीट हातात धरली असेल, असं मला वाटत नाही.

आणि गुलामगिरी कसली काढता? मुंबईचे पारशी माणकजी करसेटजी यांना इथल्या साहेबांच्या लॉजने घेतलं नाही, तेव्हा ते पॅरिसला फ्रीमेसनची दीक्षा घेऊन आले. 1843 साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं, ते हिंदी माणसांना आत घेता यावं म्हणूनच. 1961 पासून भारताची स्वतःची ग्रँड लॉज (सगळ्या लॉजची शिखरसंस्था) आहे. माझ्या कपाटातल्या निम्म्या वस्तू मुंबईकर पारशी घरांतून आल्या आहेत. त्यांत साहेबानं टाकलेलं काय आहे, ते तुम्हीच सांगा.

नकली मालाचं म्हणाल, तर तो त्या लेखाचा विषयच नव्हता.

नाव लिहून घरी आलात तर ओळंबा तुमच्या तळहातावर ठेवीन. तोवर तो शब्द इथे पुन्हा लिहू नका. लिहिलात तर काढून टाकीन.