पाच तासांत पोक्त

मराठी सिनेमा काढून तो महोत्सवांतून फिरवायचा ठरलंच असेल, तर कथा नंतर बघू, आधी मुलगा शोधा. परंपरा भक्कम आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक १९५४ साली ‘श्यामची आई’ला मिळालं आणि तो मान मराठीत परत यायला पन्नास वर्षं लागली, २००४ मध्ये तो ‘श्वास’नं आणला. दोन्हीकडे पोरगाच. मुलगी घेऊ नका. तिच्या कडेवर धाकटं भावंड कथा सुरू व्हायच्या आधीच आलेलं असतं, मग कॅमेऱ्यासमोर हिरावून घ्यायला उरतं काय?

वय ११ ठेवा. ९ वर्षांच्याला तुमच्या पटकथेतलं दुःख कळत नाही आणि १३ वर्षांच्याला पटकथा कळते.

घरात एक माणूस कमी हवा, शक्यतो बाप. वारलेला, दारुडा, कर्जात बुडालेला, कुठलाही चालेल. मग एक जिवापाड आवडती चीज: सायकल, बैल, करडू. चाळीस मिनिटं तिच्यावर जीव जडू द्या, सत्तराव्या मिनिटाला विकून टाका. सौदा पोरानं दाराच्या फटीतून बघायला हवा. मराठी मुलांना जगाचं ज्ञान फटीतूनच होतं. उघड्या दारातून झालं तर सिनेमा वीस मिनिटांत आटोपतो.

शेवटी पोर माळाकडे बघत उभं. संवाद नाही, संगीत नाही, नुसता वारा, ४५ सेकंद. समीक्षक याला ‘अकाली प्रौढत्व’ म्हणतात. अडचण एवढीच की ११ वर्षांचा मुलगा इतका वेळ टक लावून फक्त वडापावकडे बघतो. वडापाव कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला, भिंगाच्या उंचीवर धरायला लावा. खाली धरलात तर नजर पडते आणि प्रौढत्वाऐवजी भूक दिसते.

कायद्याची बाजू सोपी आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. दिवसाला ५ तासच काम, ३ तासांनंतर विश्रांती, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मानधनातले निदान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. म्हणजे बालपण पडद्यावर संपवायचं ते ठरल्या वेळेत, सुट्टी देऊन. बैल असेल तर प्राणी कल्याण मंडळाचीही परवानगी लागते. छळ झाला नाही अशी पाटी बैलासाठी लावतात, तशी मुलासाठीही लावावी लागते.

खरा घोटाळा चित्रीकरणाच्या दोन वेळापत्रकांच्या मधे होतो. पहिलं पावसात, दुसरं उन्हाळ्यात, आणि मधल्या काळात पोराचा सुळा पडतो. एकाच दृश्यात तो दात घेऊन घरात शिरतो आणि दाताविना बाहेर येतो. त्याहून वाईट म्हणजे डबिंगपर्यंत आवाज फुटतो. म्हणून संवाद जागेवरच मुद्रित करा, वर प्रत्येक वाक्य शांत खोलीत एकदा वेगळं घेऊन ठेवा. निरागसता जायला हवी ती पटकथेच्या सोयीनं. स्वतःहून गेली तर खर्च वाढतो.

रडवायचं कसं? ग्लिसरीन असतंच, पण ते डोळे लाल करतं आणि ओठ थरथरवत नाही. जातिवंत दिग्दर्शकांची रीत वेगळी. १९३१ च्या ‘स्किपी’ या हॉलिवूडपटात बालनट जॅकी कूपरला रडू येईना, तेव्हा दिग्दर्शक नॉर्मन टॉरॉगनं त्याचा कुत्रा गोळी घालून मारल्याचं नाटक केलं. पोर रडलं. टॉरॉग त्याच्या मावशीचाच नवरा, म्हणजे घरचाच माणूस. त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, पोराला नुसतं नामांकन. पुढे कूपरनं आत्मचरित्राला नाव दिलं, ‘कृपा करून माझ्या कुत्र्याला गोळी घालू नका’. आपल्याकडे कुत्र्याची गरज नाही. ‘आई तुला इथंच ठेवून गावाला गेली’ एवढं पुरतं, आणि परवानग्यांच्या अर्जात तसा रकानाही नाही.

प्रमाणपत्र ‘यूए १३+’ मागा. म्हणजे आपल्या नायकाला त्याचाच सिनेमा दाखवायचा की नाही, हे आईबापांनी ठरवायचं. काळजी नको, प्रेक्षक चाळिशीपुढचेच असतात. बाहेर येताना ते डोळे पुसतात आणि घरी फोन लावून पोराला शिकवणीला गेलास का विचारतात.

पुढच्या सिनेमात तोच मुलगा घेऊ नका. एव्हाना त्याला मिसरूड फुटलेलं असतं आणि मुदत ठेवीचा व्याजदर तोंडपाठ असतो. नवी जाहिरात द्या: वय ११, चेहरा बोलका, अनुभव नसलेला हवा.